कानांनी वाचलेले पुस्तक

पनवेलला पावसाळा सुरू झाला म्हणजे गाढी नदीचे पाणी तांबडे होते आणि कर्नाळ्याचा सुळका दिवसचे दिवस ढगांत दडून राहतो. अशाच एका पावसाळ्यात, १९८८ साली, मी एका शाळेत सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. आमच्या वर्गात प्रकट वाचनाचा परिपाठ असे. पहिल्या बाकापासून एकेका मुलाने उठावे, एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि खाली बसावे. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, आपली पाळी जवळ आली की अस्वस्थ होऊ लागे. कधी त्याला तहान लागे, कधी खोकला येई, तर कधी त्याची पेन्सिल घरंगळत नेमकी बाकाखाली जाई. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. ते सांगण्याचा मला अधिकार नाही.

त्याच्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. सायकलच्या चाकावर बसविलेला डायनामो वीज कशी निर्माण करतो, हे त्याने एकदा फळ्यावर आकृती काढून इतके सुरेख समजावून दिले की आमचे विज्ञानाचे शिक्षकही पाहत राहिले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण हे आमच्या पनवेल तालुक्यातलेच. त्यांची हकिकत हा मुलगा सांगू लागला म्हणजे वर्ग तल्लीन होई. ती त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती. आजोबांच्या तोंडून ऐकलेली होती. मात्र त्याची वही उघडली की निराळेच चित्र दिसे. 'घर' या शब्दाच्या जागी 'धर', 'भाकरी'च्या जागी 'माकरी', वेलांट्या भलत्याच बाजूला, आणि ज्या गावात तो जन्मला त्या गावाचे नाव 'पवनेल'.

मी त्या वेळी तरुण शिक्षक होतो आणि तरुण शिक्षकाला आपल्या तर्काचा फार भरवसा असतो. जो मुलगा इतके नीट बोलतो, त्याला वाचता-लिहिता येत नाही हे कसे शक्य आहे? तेव्हा तो आळशी असला पाहिजे, असा माझा तर्क. मी त्याला 'पनवेल' हा शब्द शंभर वेळा लिहून आणण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्याने वही माझ्यासमोर ठेवली. शंभर ओळी होत्या. त्यांतल्या सतरा चुकल्या होत्या. शिक्षा करूनही सतरा चुका, याचा मला राग आला. वास्तविक मला आश्चर्य वाटावयास हवे होते. आळशी मुलगा शंभर ओळी लिहून आणीत नाही. आणि ज्याला लक्षच द्यावयाचे नाही, त्याच्या त्र्याऐंशी ओळी बरोबर येत नाहीत. एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. तो मुलगा नववीत नापास झाला आणि शाळा सोडून वडिलांच्या दुकानात बसू लागला.

पुढे कित्येक वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी एक हकिकत ऐकली. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाविषयी लेख लिहिला. मुलाचे नाव पर्सी. तो बुद्धिमान होता, खेळात चपळ होता, मोठमोठ्या संख्या तो सहज वाचत असे; परंतु शब्द म्हटला की त्याची गाडी अडे. स्वतःचे नावसुद्धा तो नीट लिहू शकला नाही. दोन अक्षरांची अदलाबदल होऊन 'पर्सी'चे 'प्रेसी' झाले! त्याला बरीच वर्षे शिकविलेल्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी लेखात दिले आहे. सारे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे तो शिक्षक म्हणाला होता.

'पर्सी'चे 'प्रेसी', आणि 'पनवेल'चे 'पवनेल'. त्या प्रशिक्षण वर्गात माझे पुढचे व्याख्यानाकडे लक्ष लागेना. त्या परदेशी शिक्षकाने १८९६ साली जे ओळखले, ते मला १९८८ साली ओळखता आले नव्हते.

या अडचणीला 'डिसलेक्सिया' असे नाव आहे. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक शब्दांवरून ते बनविले. मराठीत 'वाचन अक्षमता' असे म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही. 'अक्षमता' म्हटले की दार कायमचे लागल्यासारखे वाटते. परंतु कायद्याच्या आणि शासनाच्या कागदपत्रांत तशाच प्रकारचे शब्द रूढ झाले आहेत, म्हणून ते माहीत असलेले बरे.

ही अडचण समजून घ्यावयाची असेल, तर आधी वाचन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. बोलणे ही माणसाला निसर्गाची देणगी आहे; वाचणे ही माणसाची स्वतःची कमाई आहे. घरातल्या माणसांचे बोलणे ऐकता ऐकता मूल बोलू लागते. परंतु कोणी न शिकविता वाचू लागलेले मूल विरळाच. लेखनकला निघून सुमारे पाच हजार वर्षेच झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणे शक्य नव्हते. म्हणून जो भाग आकृती ओळखतो आणि जो भाग भाषेचे ध्वनी ओळखतो, त्या दोहोंमध्ये प्रत्येक मुलाला सरावाने एक पूल बांधावा लागतो. डोळ्यांनी आकृती पाहावयाची, तिचा ध्वनी आठवावयाचा, ध्वनींचा शब्द जुळवावयाचा आणि शब्दाचा अर्थ लावावयाचा. सराव झालेला वाचक हे सारे निमिषार्धात करतो, म्हणून त्यात काही अवघड आहे असे त्याला वाटतच नाही. डिसलेक्सिया असलेल्या मुलाचे डोळे चांगले असतात, कान चांगले असतात, बुद्धीही चांगली असते. परंतु आकृती आणि ध्वनी यांच्यामधला हा पूल कच्चा राहिलेला असतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराशी त्याला थांबावे लागते, आणि वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो वाक्याची सुरुवात हातून निसटते. ओंजळीत पाणी घेऊन विहिरीपासून घरापर्यंत जावे तसे ते होते. पाणी भरपूर होते, पण घरी पोहोचले किती? अशी अडचण पुष्कळदा एकाच घराण्यात एकाहून अधिक जणांना असते. तीत आईबापांच्या वळणाचा किंवा मुलाच्या हट्टाचा काही संबंध नसतो.

आपली देवनागरी लिपी या बाबतीत सोपीही आहे आणि अवघडही. सोपी अशासाठी की, इंग्रजीत एकच अक्षर चार ठिकाणी चार आवाज काढते, तसे आपल्याकडे सहसा होत नाही. अवघड कशी, ते पाहावयाचे असेल तर 'निर्मिती' हा शब्द कागदावर लिहा. डावीकडून पाहू लागलात तर डोळ्याला प्रथम काय दिसते? वेलांटी. परंतु उच्चारात प्रथम 'न्' येतो आणि त्यानंतर 'इ' येते. पुढे पुन्हा वेलांटी, मग 'म', आणि 'म'च्या डोक्यावर रफार. हा रफार डोळ्याला 'म'नंतर दिसतो, पण जिभेवर 'म'च्या आधी येतो! एका 'र'ची रूपे तरी किती? 'कर्म', 'क्रम', 'ट्रक' आणि 'वाऱ्याने' हे चार शब्द एकाखाली एक लिहून पाहा, म्हणजे एकच ध्वनी चार वेषांत फिरताना दिसेल. शिवाय 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' या जोड्या तर जुळ्या भावंडांसारख्या. ज्याचा पूल पक्का आहे तो हे सारे न कळत ओलांडून जातो. ज्याचा कच्चा आहे त्याला प्रत्येक रफार ही एक ठेच असते.

महाराष्ट्रात या मुलांकडे पद्धतशीर लक्ष जाऊ लागले त्यात १९९६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईत 'महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षापासून राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. उत्तरे लिहावयास जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, सांगितलेले लिहून घेणारा लेखनिक, अशा त्या सवलती होत. २००७ साली 'तारे जमीन पर' हा हिंदी चित्रपट आला आणि जे आम्हां शिक्षकांना प्रशिक्षण वर्गांत कळले होते, ते घरोघरच्या आईबापांना चित्रपटगृहात कळले. त्यातल्या वसतिगृहाच्या शाळेचे चित्रण आपल्या पाचगणीतलेच आहे. २०१५ साली मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत मराठीचाही समावेश होता. हे काम फार मोलाचे. कारण मराठीत शिकणाऱ्या मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांनी घेतली, तर त्याला वाचनाची अडचण आहे की केवळ इंग्रजीची, हे कसे समजणार? पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने या अडचणीलाही आपल्या यादीत स्थान दिले.

आता त्या मुलीची गोष्ट सांगतो. २०१९ साली, मी मुख्याध्यापक असताना, सातवीतली एक मुलगी वर्गशिक्षिकांनी माझ्याकडे पाठविली. तिची आई बाजारात भाजी विकत असे. मुलीचा तोंडी हिशेब इतका पक्का की, गिऱ्हाईक पिशवी उघडेतो तिची बेरीज झालेली असे. पण वाचावयास पुस्तक हातात दिले की तिला तहान लागे. तिने पाणी पिण्याची परवानगी मागितली तेव्हा मला एकतीस वर्षांपूर्वीचा तिसरा बाक आठवला.

आईला समजावणे सोपे नव्हते. 'माझी पोर वेडी नाही, सर,' असे ती दोनदा म्हणाली, आणि ते अगदी खरे होते. अखेर मायलेकी हार्बर मार्गाच्या गाडीने गुरू तेग बहादूर नगर स्थानकावर उतरून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गेल्या. प्रथम डोळे आणि कान तपासले गेले, मग बुद्धिमापन, मग वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या. त्यासाठी बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला आईची एका दिवसाची विक्री बुडाली. शेवटी प्रमाणपत्र हाती आले. त्याने परीक्षेतल्या सवलती मिळणार होत्या. पण रोजचा धडा वाचावयाचा कसा, हा प्रश्न होताच.

त्याचे उत्तर आईच्या पदराला खोचलेल्या पिशवीत होते. साधा मोबाइल.

यंत्राने छापील मजकूर वाचून दाखवावा ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील रे कर्झवाइल यांनी १९७६ साली असे यंत्र लोकांपुढे आणले. ते अंधांसाठी होते आणि आकाराने कपडे धुण्याच्या यंत्राची आठवण व्हावी एवढे होते. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. त्याचा कॅमेरा पानाचे चित्र घेतो. एक आज्ञावली त्या चित्रातली अक्षरे ओळखते. दुसरी आज्ञावली त्या अक्षरांना आवाज देते. जो शब्द उच्चारला जात असेल तो काही साधनांत पडद्यावर रंगाने उजळतो. म्हणजे कान आणि डोळे एकाच वेळी एकाच शब्दावर येतात. आवाजाची गती हवी तशी कमी-अधिक करता येते. एखादे वाक्य दहादा ऐकले तरी यंत्र कपाळाला आठ्या घालीत नाही. हा गुण आम्हां शिक्षकांत थोडा कमीच असतो.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. 'निर्मिती' हा शब्द संगणक आपल्या स्मृतीत कसा साठवितो ठाऊक आहे? आधी 'न', मग वेलांटी, मग 'र' आणि त्याचे हलन्त चिन्ह, मग 'म', मग वेलांटी, मग 'त', आणि शेवटी दुसरी वेलांटी. म्हणजे डोळ्याला दिसतो तो क्रम नव्हे, तर जिभेवर येतो तो क्रम! भारतीय लिपींसाठी १९९१ साली ठरविलेल्या मानकात हेच तत्त्व होते, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमध्येही तेच आहे. वेलांटी आधी काढणे आणि रफार डोक्यावर चढविणे, हे सारे अक्षर पडद्यावर उमटताना होते. ज्या मुलांना वेलांटी ठेच लावते, त्यांच्यासाठी यंत्राने शब्द आधीच उच्चाराच्या क्रमाने लावून ठेवलेला असतो. कान तोच क्रम ऐकतो.

मात्र या सोयीला एक अट आहे. मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. मराठी टंकलेखनाच्या जुन्या पद्धतींत देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. पडद्यावर आपल्याला 'पाऊस' दिसे. पण यंत्राच्या लेखी ती काही असंबद्ध रोमन अक्षरे असत. आमच्या शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका अशाच होत्या. त्यांची फाइल पहिल्यांदा यंत्राला वाचावयास दिली, तेव्हा त्याने जी बडबड केली ती ऐकून त्या मुलीला हसू आवरेना. पुढे आमच्या लिपिकांनी दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या साऱ्या पुन्हा टंकित केल्या. त्या कामाचा त्यांना कोणी हार घातला नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मराठी उच्चारातही यंत्र कधी कधी फसते. 'जरा थांब' यातला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' हे लिहावयाचे सारखेच, पण त्यांतल्या 'ज'चे उच्चार भिन्न. 'चोर'मधला 'च' आणि 'चंद्र'मधला 'च' यांचेही तसेच. यंत्र एखादे वेळी भलताच 'ज' उच्चारते. पण ऐकणारे मूल मराठी घरातले असते; ते संदर्भावरून ओळखते आणि पुढे जाते. त्या मुलीने तर यंत्राच्या चुकांची एक यादीच ठेवली होती. आजवर तिच्या चुका दुसरे मोजीत, आता ती दुसऱ्याच्या मोजू लागली होती!

पहिल्या आठवड्यात तिने इतिहासाचा एक धडा तीनदा ऐकला आणि वर्गात एक प्रश्न विचारला. सातवीत आल्यापासूनचा तिचा तो पहिलाच प्रश्न, असे वर्गशिक्षिका म्हणाल्या. घरी भाजीच्या जुड्या बांधता बांधता आईदेखील धडा ऐकू लागली. 'मी चौथीपर्यंतच शिकले, सर. आता पोरीबरोबर माझी सातवी होते आहे,' असे तिने मला रस्त्यात थांबवून सांगितले.

लिहिण्याचीही सोय झाली. २०१७ सालापासून गूगलच्या साधनात मराठीत बोललेले लिहून घेण्याची व्यवस्था आली आहे. आपण बोलावे आणि पडद्यावर अक्षरे उमटावीत. ती मुलगी आपला निबंध आधी बोलत असे आणि मग यंत्राकडून वाचवून घेत असे. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला टोचते. मग ती थांबून दुरुस्त करी.

हे सारे शिक्षकांच्या खोलीत सहजासहजी मान्य झाले असे समजू नका. आमचे एक ज्येष्ठ सहकारी चांगलेच रागावले. 'यंत्राने वाचावे, यंत्राने लिहावे, तर मुलीने करावयाचे काय? उद्या पोहण्याच्या परीक्षेला होडी द्या!' असे ते म्हणाले. सारे हसले. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'पोहण्याच्या परीक्षेला होडी नकोच. पण पैलतीरावर जाऊन इतिहास सांगावयाचा असेल, तर होडी का नको?' मला हे उत्तर अजूनही पटते. वाचनाची परीक्षा घ्यावयाची तेव्हा यंत्र दूर ठेवावे; परंतु शिवरायांच्या राज्यकारभाराविषयी विचारावयाचे असताना निकाल वेलांटीवर का लावावा?

शिवाय कानांनी वाचणे आणि दुसऱ्याच्या हाताने लिहिणे, यांत आपल्या महाराष्ट्राला नवे ते काय आहे? पोथी एकाने वाचावी आणि साऱ्या आळीने ऐकावी, ही आपली जुनी रीत. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना शाळेत जावयास मिळालेच नव्हते, म्हणजे त्यांचे कारण निराळे. पण त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि आज आपण ते वाचतो. लेखनिक नसता तर ते काव्य शेतातच राहिले असते.

पुस्तक कानांनी ऐकता येईल अशा रूपात करावयाचे तर कायद्याचाही प्रश्न येतो. कारण पुस्तकाची नक्कल करण्याचा हक्क लेखक-प्रकाशकांचा असतो. आपल्या देशाने २०१२ साली कायद्यात दुरुस्ती करून, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी अशी नक्कल करण्यास वाट मोकळी केली. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरी याच विषयावर एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होय. पुढे २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. अंधांबरोबर डिसलेक्सिया असलेल्या वाचकांनाही तेथे पुस्तके मिळू शकतात.

यंत्र आले म्हणून शिकविणे संपले, असे मात्र नाही. त्या मुलीला आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर एक शिक्षिका वेगळे शिकवीत. ताटात बारीक वाळू पसरून तीत अक्षर बोटाने गिरवावयाचे आणि गिरवता गिरवता त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावयाचा. डोळा, कान आणि बोट असे तिघे एकाच कामाला लावावयाचे. अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी ही पद्धत गेल्या शतकात मांडली. मी ती प्रथम पाहिली तेव्हा मला माझे आजोबा आठवले. ते धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवूनच लिहावयास शिकले होते. प्रश्नपत्रिकेतल्या ओळींमधले आणि शब्दांमधले अंतरही आम्ही वाढविले. इटली व फ्रान्समधील मुलांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. अक्षरांत जास्त अंतर ठेवले की अशी मुले अधिक वेगाने आणि कमी चुका करून वाचतात, असे त्यात आढळले. याउलट रंगीत काचा आणि खास वळणाची महागडी अक्षरे यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण तपासणीत त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसून आलेला नाही. कोणी ती विकावयास आला तर पैसे जपून ठेवावेत.

ती मुलगी पुढे दहावी उत्तीर्ण झाली. आजही ती सावकाशच वाचते, परंतु वाचते.

राहिली त्या पहिल्या मुलाची गोष्ट. गेल्या वर्षी माझी स्कूटर बंद पडली, म्हणून मी जुन्या पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. मालक पुढे आला आणि माझ्या पाया पडला. ओळखावयास मला क्षणभर लागला. त्याचे केस पिकले होते. त्याच्या हाताखाली चार माणसे काम करीत होती. माझ्यासमोरच त्याने मोबाइल तोंडाजवळ धरून सुट्या भागांची मागणी सांगितली. ती पडद्यावर उमटली. मग त्याने ती यंत्राकडून वाचवून घेतली, एक आकडा दुरुस्त केला आणि पाठवून दिली.

'हे कोणी शिकविले?' मी विचारले.

'कोणी नाही, सर. मला वाचताना चूक दिसत नाही. ऐकली की लगेच कळते.'

मी जे बोलावयाचे मनात धरून होतो ते बोललो. 'मी एकदा तुला शंभर ओळी लिहावयास लावल्या होत्या.'

'सतरा चुकल्या होत्या,' तो म्हणाला. 'तुम्ही तांबड्या शाईने खुणा केल्या होत्या. रात्री अकरापर्यंत जागून लिहिल्या होत्या मी.'

'चूक माझी होती,' मी म्हणालो. तो काही बोलला नाही. हातातले फडके त्याने दोनदा झटकले आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, 'सर, माझा धाकटा पाचवीत आहे. वर्गात वाचावयाची पाळी आली की त्याला तहान लागते.'

मी खिशातून पेन आणि कागद काढला. कोणत्या रुग्णालयात जावयाचे, कोणती गाडी, कोणते स्थानक, कोणते कागद बरोबर न्यावयाचे, हे सारे नीट लिहून द्यावे असे मनात होते. त्याने माझा हात धरला.

'लिहून देऊ नका, सर. सांगा,' असे म्हणून त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.